स्पायरोमेट्रीच्या आधी इन्हेलर घ्यायचा की थांबवायचा?

प्रश्न थोडक्यात असा: दमा असावा अशी शंका आहे, दोन महिन्यांपासून इन्हेलर चालू आहेत आणि आता डॉक्टरांनी फुफ्फुसांची फुंकायची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, लिहून दिली आहे. उपाशी जायचं का? इन्हेलर घेऊन जायचं की न घेता? आणि फुंकताना नेमकं काय करायचं?

उपाशी जायची गरज नाही. इन्हेलरचं उत्तर मात्र चाचणी कशासाठी सांगितली आहे यावर ठरतं, आणि हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय कळत नाही. दमा आहे की नाही हे ठरवायचं असेल, तर श्वासनलिका मोकळ्या करणारी औषधं ठरावीक तास आधी थांबवावी लागतात. दमा आहे हे आधीच नक्की झालं असेल आणि चालू औषधांनी तो किती आटोक्यात आहे एवढंच बघायचं असेल, तर सगळी औषधं रोजच्यासारखी घेऊनच जायचं. चिठ्ठीवर दोन्ही वेळा एकच शब्द लिहिलेला असतो, 'स्पायरोमेट्री'. म्हणून वेळ ठरवतानाच फोनवर विचारा: "चाचणी निदानासाठी आहे की उपचार तपासायला? माझी ही ही औषधं चालू आहेत, कोणतं किती तास आधी बंद करू?" तयारीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच.

औषधं का थांबवायची, हे समजलं की तास लक्षात राहतात. दम्यात श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, आतलं अस्तर सुजतं आणि हवा बाहेर पडायला अडथळा येतो. हा अडथळा औषधाने बऱ्याच अंशी सुटतो, ही दम्याची ओळख. म्हणून चाचणी दोनदा घेतात: आधी औषधाविना, मग साल्ब्युटामॉल या नळ्या लगेच मोकळ्या करणाऱ्या औषधाचे ४ पफ (प्रत्येकी १०० मायक्रोग्रॅम, एकूण ४००) स्पेसरमधून, म्हणजे इन्हेलरला जोडायच्या पोकळ नळकांड्यातून, देऊन १० ते १५ मिनिटांनी पुन्हा. तुम्ही घरूनच पंप मारून आलात, तर नळ्या आधीच उघडलेल्या असतात. मग दुसऱ्या वेळी फरक दिसायला जागाच उरत नाही आणि असलेला दमा कागदावर दिसत नाही.

अमेरिकन थोरॅसिक सोसायटी आणि युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटी यांच्या २०१९ च्या संयुक्त मानकांत हे तास दिलेले आहेत. साल्ब्युटामॉल किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल, म्हणजे धाप लागल्यावर लगेच घ्यायचा पंप, ४ ते ६ तास आधी थांबवायचा. इप्राट्रोपियम १२ तास. फॉर्मोटेरॉल आणि साल्मेटेरॉल २४ तास. दिवसातून एकदाच घ्यायची व्हिलॅन्टेरॉल, इंडाकॅटेरॉल, ओलोडॅटेरॉल ही औषधं ३६ तास. टायोट्रोपियम आणि त्याच गटातली ग्लायकोपायरोनियमसारखी औषधं ३६ ते ४८ तास. नुसता स्टेरॉइडचा इन्हेलर (ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन, बेक्लोमेथासोन) आणि माँटेलुकास्टची गोळी थांबवायची गरज नाही.

खरी गफलत होते ती एकत्र औषधांच्या इन्हेलरमध्ये. दम्यासाठी दिले जाणारे पुष्कळ इन्हेलर दोन औषधांचे असतात: एक स्टेरॉइड, दुसरं नळ्या मोकळ्या करणारं. 'स्टेरॉइड थांबवू नका' असं सांगितलं की रुग्ण तो इन्हेलर सकाळी घेऊन येतो आणि त्यातलं फॉर्मोटेरॉल पोटभर काम करून मोकळं झालेलं असतं. डबीवरची दोन्ही नावं वाचा. शेवट 'टेरॉल'ने होत असेल, तर वरचे तास त्याला लागू. असा इन्हेलर २४ तास थांबवला की त्यातलं स्टेरॉइडही एखाद-दोन डोस चुकतं. बहुतेकांना त्याने काही होत नाही, पण दमा नाजूक अवस्थेत असेल तर हा निर्णय डॉक्टरांचाच. काही जणांना ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल हाच इन्हेलर रोजचा आणि तोच धाप लागल्यावर घ्यायचाही असतो. अशांनी तो बंद केला की हाताशी तातडीचं काहीच उरत नाही. त्या एका दिवसापुरता साल्ब्युटामॉलचा पंप लिहून घ्या.

तोंडाने घ्यायची औषधं विसरू नका. थिओफिलिन किंवा डॉक्सोफिलिनची गोळी, साल्ब्युटामॉलची गोळी किंवा सिरप ही सगळी नळ्या उघडणारीच औषधं आहेत. कितीतरी खोकल्याच्या औषधांत टर्ब्युटालिन किंवा साल्ब्युटामॉल मिसळलेलं असतं, आणि 'मी फक्त खोकल्याचं औषध घेतलं' असं म्हणणाऱ्याला ते ठाऊक नसतं. बाटलीवरचे घटक वाचा किंवा बाटलीचा फोटो घेऊन या. रक्तदाब किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर तो मनाने कधीही बंद करू नका. फक्त चालू आहे हे सांगा, कारण त्यातली काही औषधं श्वासनलिका आवळू शकतात.

आता या सगळ्यावर मात करणारा नियम: धाप लागली, छाती आवळली, घरघर सुरू झाली, रात्री खोकल्याने उठावं लागलं, तर पंप घ्या. चाचणीसाठी त्रास सोसत बसू नका. पंप घेतल्याची वेळ आणि पफ किती, एवढं लिहून ठेवा आणि तंत्रज्ञाला सांगा. तंत्रज्ञ अहवालात तशी नोंद करून चाचणी घेईल, नाहीतर दुसरी तारीख देईल. यात वाया गेली तर एक चाचणी जाते. दम्याचा झटका अंगावर काढण्यात जिवाला धोका असतो.

चाचणीच्या दिवशीची पथ्यं थोडीच आहेत. जड जेवण २ तास आधी टाळा, कारण भरलेल्या पोटाने छाती आणि पोटामधला श्वासपटलाचा पडदा नीट खाली जात नाही आणि जोर लावताना मळमळतं. हलकं खाऊन जायला हरकत नाही. चहा, कॉफी, कोला ४ तास आधीपासून नको. कॅफीन हे थिओफिलिनच्या कुळातलंच रसायन आहे आणि श्वासनलिका थोड्या उघडतं. सिगारेट, व्हेप, हुक्का कमीत कमी १ तास आधी बंद. त्याच भेटीत वायुविनिमयाची (फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो ते मोजणारी) चाचणी असेल तर त्या दिवशी अजिबातच नको. दारू ८ तास आधी नाही. पळणं, व्यायाम, जिने धावत चढणं तासभर आधी टाळा. १० ते १५ मिनिटं आधी पोचून शांत बसा.

कपडे सैल घाला. छाती आणि पोट आवळणारा पट्टा, घट्ट अंतर्वस्त्र, करकचून बांधलेली कंबर यांमुळे श्वास पूर्ण भरता येत नाही. कवळी घट्ट बसत असेल तर काढू नका. ती असली की ओठ माउथपीसवर नीट मिटतात. सैल असेल तर काढा. आत जाण्यापूर्वी लघवीला जाऊन या. जोरात फुंकताना पोटावर बराच दाब येतो आणि बऱ्याच स्त्रियांना, विशेषतः बाळंतपणानंतर, थोडी लघवी निसटते. संकोचाने त्या जोर राखून फुंकतात आणि आकडा खोटा कमी येतो. पॅड लावून जा आणि तंत्रज्ञाला नि:संकोच सांगा. त्याच्यासाठी ही रोजची गोष्ट आहे.

सोबत न्यायच्या वस्तू: सगळे इन्हेलर प्रत्यक्ष, नावांची यादी नव्हे, शेवटचा डोस कधी घेतला ती वेळ, आधीच्या चाचणीचे कागद, पाण्याची बाटली. उंची तिथे बूट काढून मोजून घ्या, अंदाजाने सांगू नका. तुमचे आकडे ज्या 'अपेक्षित' आकड्यांशी ताडले जातात ते वय, लिंग आणि उंची यांवरून काढलेले असतात. उंची पाच सेंटिमीटर जास्त सांगितली तर चांगलं फुफ्फुसही कमी पडल्यासारखं दिसेल. पाठीला बाक असेल किंवा उभं राहता येत नसेल, तर दोन्ही हात आडवे पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर मोजतात.

काही परिस्थितींत चाचणी पुढे ढकलायची असते आणि हे तुम्हीच आपणहून सांगायला हवं. गेल्या आठवड्यात हृदयविकाराचा झटका. आठवड्याभरात डोळ्याची, सायनसची किंवा मधल्या कानाची शस्त्रक्रिया. ४ आठवड्यांत छातीची, पोटाची किंवा मेंदूची शस्त्रक्रिया. फुफ्फुसाबाहेर हवा साचणं. रक्तवाहिनीला फुगवटा असणं. गरोदरपणाचे शेवटचे महिने. फुंकताना छाती, पोट, डोळा, डोकं या सगळ्यांतला दाब एकदम वाढतो, म्हणून ही काळजी. खोकल्यातून रक्त पडत असेल, किंवा बरेच दिवस खोकला, ताप आणि वजन घटणं असेल, तर आधी क्षयरोगाची तपासणी. तुमच्यासाठीही आणि त्याच खोलीत नंतर येणाऱ्यांसाठीही. साधी सर्दी-खोकला झाला असेल तरी निदानाची चाचणी पूर्ण बरं होऊन काही आठवडे गेल्यावरच करावी. विषाणूसंसर्गाने नळ्या तात्पुरत्या सुजतात आणि आकडे खाली येतात.

आता प्रत्यक्ष फुंकणं. इथे थोडं सविस्तर सांगते, कारण या चाचणीत यंत्रापेक्षा माणसावर जास्त अवलंबून असतं. रक्त तपासताना तुम्ही नुसता हात पुढे केला की झालं. इथे तुम्ही जोर लावला नाही तर आकडा येतच नाही.

खुर्चीत ताठ बसायचं, पाय जमिनीवर टेकलेले, हनुवटी किंचित वर. नाकाला चिमटा लावतात. माउथपीस दातांच्या मध्ये, जीभ त्याच्या खाली, ओठ भोवती घट्ट. मग श्वास आत घ्या, जितका मावेल तितका. आता आणखी मावणार नाही असं वाटलं तरी थोडा आणखी घ्या. वर पोचल्यावर रेंगाळायचं नाही, थांबलात तरी २ सेकंदांपेक्षा कमी. तिथून एकदम, धडाक्याने, सगळी ताकद लावून हवा बाहेर फेकायची. आणि फेकल्यावर थांबायचं नाही. पहिल्या सेकंदात बहुतेक हवा निघून जाते आणि 'संपलं' असं वाटतं. पण आवळलेल्या नळ्यांमागची हवा हळूहळू निघत असते. तंत्रज्ञ "अजून, अजून, अजून" म्हणत राहील, तोवर पिळत राहायचं. पडद्यावरची रेघ सपाट होईपर्यंत किंवा १५ सेकंद होईपर्यंत. शेवटी माउथपीस तोंडात ठेवूनच पुन्हा पूर्ण श्वास आत ओढायचा.

चुका कुठे होतात? पहिली, श्वास अर्धाच भरणं. सुरुवातच कमी हवेने झाल्यामुळे सगळेच आकडे कमी येतात आणि फुफ्फुस आक्रसल्याचा आभास होतो. दुसरी, हळू सुरुवात. फुगा फुगवल्यासारखे गाल फुगवून किंवा ओठांचा चंबू करून फुंकलं की पहिला धक्का जातो आणि पहिल्या सेकंदाचा आकडा बिघडतो. तोंड मोठं 'आ' केल्यासारखं, गाल कडक. तिसरी, लवकर सोडून देणं, आणि दम्यात ही सगळ्यात दिशाभूल करणारी. एकूण हवा कमी मोजली गेली की पहिल्या सेकंदाचं तिच्याशी प्रमाण चांगलं दिसतं आणि अडथळा असून झाकला जातो. चौथी, पहिल्याच सेकंदात खोकला येणं. तो प्रयत्न बाद. पाचवी, ओठांच्या कोपऱ्यातून हवा गळणं किंवा जीभ नळीसमोर येणं.

म्हणून एका फुंकरीवर कोणी निकाल देत नाही. किमान ३ चांगल्या फुंकरी लागतात, आणि त्यातल्या सर्वोत्तम दोन एकमेकींपासून १५० मिलिलिटरच्या आत यायला हव्यात. जमेपर्यंत पुन्हा करतात, मोठ्या माणसांत साधारण ८ वेळांपर्यंत. पुन्हा करायला सांगितलं म्हणजे तुमचं फुफ्फुस खराब आहे असं नाही. चक्कर, हलकं डोकं, खोकला हे चालतं. मध्ये बसा, पाणी प्या, दम खा. छातीत दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर मात्र लगेच सांगा.

साल्ब्युटामॉलचे ४ पफ देतानाही पद्धत महत्त्वाची. एकेक पफ स्पेसरमध्ये, प्रत्येक वेळी सावकाश खोल श्वास, काही सेकंद रोखून मग पुढचा, दोन पफमध्ये साधारण अर्धा मिनिट. चारही एकदम मारून एका श्वासात ओढले तर बरंचसं औषध स्पेसरच्या भिंतींवर राहतं. नंतर हात थरथरणं, छातीत धडधडणं थोडा वेळ जाणवेल, ते ओसरतं. एकूण ४५ मिनिटं ते तासभर राखून ठेवा.

निकालात तीन आकडे पाहा. एफव्हीसी म्हणजे जोराने काढलेली एकूण हवा. एफईव्ही१ म्हणजे त्यातली पहिल्या सेकंदातली. तिसरं या दोहोंचं प्रमाण, आणि अडथळा त्यावरून कळतो. समजा तुमची एकूण हवा ३.२० लिटर आणि पहिल्या सेकंदाची २.०० लिटर, प्रमाण सुमारे ०.६३, म्हणजे बहुतेक वयांत कमी. औषधानंतर पहिल्या सेकंदाचा आकडा २.३५ झाला. वाढ ३५० मिलिलिटर, म्हणजे १७.५%. वर्षानुवर्षं वापरात असलेली कसोटी म्हणजे किमान १२% आणि किमान २०० मिलिलिटर अशी दोन्ही वाढ, आणि इथे दोन्ही पुऱ्या होतात. याउलट १.२० वरून १.३६ झालं तर वाढ १३% दिसते, पण हवा फक्त १६० मिलिलिटरच वाढलेली असते. ते पुरेसं नाही. नव्या पद्धतीत वाढ तुमच्या अपेक्षित आकड्याच्या १०% पेक्षा जास्त आहे का हे बघतात, म्हणून दोन प्रयोगशाळांचे शेरे वेगळे आले तर गोंधळू नका, आकडे ताडा.

चाचणी नॉर्मल आली म्हणजे दमा नाही असं होत नाही, हे मी फार ठामपणे सांगते. दमा येतो-जातो. ज्या दिवशी त्रास नाही त्या दिवशी फुफ्फुस नॉर्मल दिसू शकतं. तुमच्यासारखं दोन महिने स्टेरॉइडचा इन्हेलर चालू असेल तर सूज आधीच उतरलेली असते, आणि ती एक दिवस औषध सोडल्याने परत येत नाही. अशा वेळी नॉर्मल अहवाल हातात घेऊन इन्हेलर फेकून देणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. डॉक्टर मग पुढचा मार्ग निवडतात. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ पीक फ्लो मीटरवर (फुंकरीचा वेग मोजणाऱ्या छोट्या यंत्रावर) फुंकून नोंद ठेवायची. दिवसभरातला चढउतार सरासरी १०% हून जास्त (मुलांत १३%) असेल तर दम्याच्या बाजूने पुरावा. किंवा मेथाकोलिनची चाचणी, ज्यात मुद्दाम नळ्या आवळणारं औषध वाढत्या मात्रेत हुंगवून एफईव्ही१ २०% खाली येतो का ते बघतात. तिची तयारी वेगळी आणि कडक असते: फॉर्मोटेरॉलसारखी औषधं ३६ तास, टायोट्रोपियम तब्बल ७ दिवस बंद. साध्या स्पायरोमेट्रीचे तास तिला लावू नका.

त्याच दिवशी फिनो, म्हणजे उच्छ्वासातल्या नायट्रिक ऑक्साइडची चाचणी असेल, तर ती स्पायरोमेट्रीच्या आधी करून घ्या. जोरात फुंकल्यावर तिचा आकडा खाली येतो. तिच्या तासभर आधी काही खाऊ-पिऊ नये, आणि त्या दिवशी पालेभाज्या आणि बीट टाळलेलं बरं, कारण त्यांतल्या नायट्रेटमुळे आकडा वाढतो.

मुलांबाबत: साधारण ५-६ वर्षांपासून बहुतेक मुलांना हे जमतं. घरी आदल्या दिवशी जाड पुठ्ठ्याची नळी तोंडात धरून 'मोठा श्वास, मग धडाम' असं दोन-तीनदा खेळून घ्या. मेणबत्ती विझवायचा खेळ मात्र नको. त्यात मूल ओठांचा चंबू करून हळू फुंकायला शिकतं. सुई नाही, दुखत नाही हे आधीच सांगा. मूल कंटाळलं की ओरडू नका, दुसऱ्या दिवशी आणा.

पुढच्या वेळी तुलनेसाठी चाचणी शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी आणि त्याच यंत्रावर करा. दम्यात पहाटे नळ्या सर्वात आवळलेल्या आणि दुपारनंतर सर्वात मोकळ्या असतात. सकाळी ८ आणि दुपारी ४ च्या आकड्यांतला फरक औषधाचा परिणाम समजला जाऊ शकतो. आणि चाचणी संपल्यावर बाहेर पडण्याआधी तंत्रज्ञाला विचारा की थांबवलेला इन्हेलर आता कधी सुरू करायचा. बहुतेक वेळा त्याच दिवशी, नेहमीच्या मात्रेत. चुकलेल्या डोसची भरपाई म्हणून दुप्पट घ्यायचा नाही.